टेस्टिंगची प्लेट

ही गोष्ट खरी आहे. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. पण ज्याच्यावर ती बेतली तो माझा सख्खा मामू होता, आणि जिनं ती डोळ्यांनी पाहिली ती मुमानी, त्याची बायको, अजून कोल्हापुरात, रविवार पेठेत राहते. तिच्यासमोर जाऊन हसून दाखवा.

आणि एक सांगतो. भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे.

ही भर दुपारची आहे.

साल एकाहत्तर, महिना मे. लग्नसराई जोरात होती. माझ्या मामूचं नाव बादशहा. त्याचा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. लग्न, बारसं, उरूस, कुस्त्यांचं मैदान... कर्णा मामूचाच.

पोट त्या कर्ण्यावर भरायचं. जीव मात्र दुसरीकडेच अडकलेला.

मामूला जुन्या इंग्लिश रेकॉर्डींचा नाद होता. अमेरिकेतल्या काळ्या माणसांची दुःखाची गाणी, आणि त्यातूनच पुढे निघालेली ती गिटार बडवत गायची नाचरी गाणी. जुन्या बाजारात भंगारात बसायचा, मिरजेपर्यंत सायकल मारायचा, सर्कस उठली की तिच्या मागं राहिलेल्या पेट्या उघडून बघायचा. इंग्लिश वाचता येत नव्हतं. लेबलच्या रंगावरून प्लेट, म्हणजे रेकॉर्ड, ओळखायचा.

त्यातही त्याची तऱ्हा निराळी. एखाद्या नावाजलेल्या गायकाची प्लेट हाताला लागली, तर ती देऊन तो अगदी कुणा अनोळखी माणसाची प्लेट घ्यायचा.

"त्येला समदं जग ऐकतंय की," म्हणायचा. "ह्या गड्याला कोन ऐकनार? म्या न्हाई ऐकला तर ह्यो मेलाच म्हना."

मुमानी, म्हणजे जुलेखा, यावरून त्याला सोलून काढायची. तिचा आवाज असा की गल्लीच्या या टोकाला ती बोलली तर त्या टोकाचा दूधवाला थांबायचा. दिवसभर शिलाई मशीन चालवायची, हातभर बांगड्या, आणि तोंड अखंड चालू.

"ह्यो मानूस गातूय का त्येच्या पोटात दुखतंय?" ती विचारायची.

"भांडतूय," मामू म्हणायचा. "दुखन्याशी भांडतूय. रडगानं येगळं, आन ह्ये येगळं."

त्या वर्षी मामूला कोडोलीहून एक प्लेट मिळाली.

कोडोलीला पूर्वी एक अमेरिकन कुटुंब राहायचं. ते मायदेशी गेलं, तेव्हा त्यांच्याकडे आया असलेल्या अंबूबाईला त्यांनी एक ट्रंक दिली होती. म्हातारीनं ट्रंक उघडली. आत तीन प्लेटा. दोन फुटलेल्या.

तिसरी लाखेची, जड, काळीभोर. लेबलवरचं नाव कुणीतरी टोकदार वस्तूनं खरवडून काढलेलं.

"सायबाचा ल्योक ही कदी लावायचा न्हाई," अंबूबाई म्हणाली. "पन टाकायचा बी न्हाई. उशाला घिऊन निजायचा."

"का वो आज्जी?"

"म्या काय त्येला इचारलं न्हाई बाबा."

मामूनं घरी येऊन चावीच्या ग्रामोफोनवर ती लावली. एक माणूस गात होता. मागं गिटार. त्याच्याही मागं कुणीतरी जाड तारा ओढून धप्प धप्प ठोका देत होतं. आणि एक जण टाळी वाजवत होता.

मामूनं त्या दिवशी ती सात-आठ वेळा लावली. असा आवाज त्यानं उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तो गवई कुणाला तरी बजावत होता, की काही झालं तरी मी जाणार नाही. शब्द कळत नव्हते, पण एवढं कळत होतं. मामूचे डोळे भरून आले.

आता जे झालं ते नीट ऐका.

स्पीकरवाल्यांची एक रीत असते. मांडवात पहिली प्लेट देवाची. हिंदूचं घर असलं तर आरती, मुसलमानाचं असलं तर नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गाणं. मगच बाकीची गाणी. ही रीत कुणी मोडत नाही.

मामूनं तिच्यात पळवाट काढली होती. कर्णा बांधून झाला की आधी तो एक इंग्लिश प्लेट लावायचा, टेस्टिंग म्हणून. "टेस्टिंग म्हंजे कार्यक्रम न्हवं," असं त्याचं म्हणणं. आपली गाणी कर्ण्यावर ऐकायची एवढीच संधी त्याला मिळायची, आणि ती तो सोडत नव्हता.

कसबा बावड्याला केरबा म्हणून त्याचा दोस्त होता. केरबाच्या मुलीचं लग्न. आदल्या दुपारी मामूनं आंब्याच्या झाडाला कर्णा बांधला. कर्ण्याचं तोंड शेजारच्या उसाकडं होतं. मांडवात अजून कुणी नव्हतं.

मामूनं कोडोलीची प्लेट लावली.

पहिल्यांदाच ते गाणं मोठ्यानं, मोकळ्यावर वाजलं. उसावरून पार लांब गेलं. केरबा धावत आला.

"आरं ए बादशा! देवाच्या आदी ह्ये काय लावलंयस? माज्या पोरीचं लगीन हाय!"

"टेस्टिंग हाय रं. गप."

गाणं संपलं. मामूनं पिन उचलली.

आणि उसातून एक टाळी ऐकू आली.

एकच...

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. केरबा म्हणाला, राखणदार असेल. मामूही म्हणाला, राखणदारच.

लग्न नीट पार पडलं. मामू घरी आला. दुसऱ्या दुपारी त्यानं तीच प्लेट लावली. गवई होता. गिटार होती. ठोका होता.

टाळी नव्हती.

मामूला वाटलं पिन झिजली असेल. पिन बदलली. पुन्हा लावली.

टाळीच्या जागी काहीच नव्हतं. खरखरसुद्धा नव्हती.

तेवढ्यात मुमानी चहा घेऊन आली. कप खाली ठेवला, पदर सारखा केला, हात झटकला... आणि तशीच उभी राहिली.

पुन्हा हात हलवला.

बांगड्या वाजत नव्हत्या.

डझनभर काचेच्या बांगड्या, एकमेकींवर आपटत होत्या, अन् आवाज नाही. तिनं मनगट भिंतीवर आपटलं. दोन बांगड्या फुटल्या. तुकडे जमिनीवर पडले.

तेही मुकाट्यानं.

मामूनं घाबरत घाबरत प्लेट परत सुरुवातीपासून लावली. गवई गायला लागला. आणि टाळी जिथं पडायची तिथं...

बांगड्या किणकिणल्या.

तो तिच्या बांगड्यांचा आवाज होता. नवऱ्याला तो कळणार नाही तर कुणाला?

तीन दिवसांनी ठोका गेला. त्याच दुपारी मुमानीचं शिलाई मशीन मुकं झालं. चाक फिरत होतं, सुई वरखाली होत होती, टाके पडत होते. खोलीत आवाज शून्य. आणि प्लेटवर ठोक्याच्या जागी मशीनची खडखड.

मग गिटार गेली. मुमानीच्या पायातली जोडवी फरशीवर वाजेनाशी झाली. ती मागं येऊन उभी राहिली तरी मामूला पत्ता लागत नसे.

आता त्या प्लेटवर जुन्यापैकी एकच गोष्ट उरली होती.

गवयाचा आवाज.

आणि मुमानीचाही आवाजच तेवढा उरला होता. दोघांनाही ते समजलं.

केरबाला कळलं तसा तो बावड्याहून सायकल मारत आला. "फोड ती प्लेट! आत्ताच्या आत्ता फोड! देवाआदी लावलीस, त्येचंच ह्ये झालंय समदं!"

"आन हिचं त्यात अडकलंय त्येचं काय?" मामू ओरडला. "प्लेट फुटली तर ते कुटनं आनू?"



मामूनं ती प्लेट चादरीत गुंडाळली, पेटीत घातली, कुलूप लावलं. वाजवायचीच नाही म्हटल्यावर काय करेल?

दोन दिवस बरे गेले.

तिसऱ्या दिवशी मुमानीनं दारातून भाजीवालीला हाक मारली. "अगं ए धोंडु..."

पुढचं निघालं नाही. ओठ हलले फक्त.

दुपारपर्यंत तिच्या प्रत्येक वाक्याची शेपटी गळायला लागली. शेवटचा शब्द जायचा, मग शेवटचे दोन. मामू बघत होता. जिच्या बडबडीला तो वीस वर्षं वैतागला होता, ती एकेक शब्द जपून वापरत होती.

मग मात्र त्याचं डोकं फिरलं.

पेटीचं कुलूप उघडलं. ग्रामोफोनला चावी दिली, पार घट्ट होईपर्यंत. मुमानी आडवी आली. "नगा वो... फोडू..."

"फोडत न्हाई. भांडतूय."

त्यानं पिन ठेवली.

गवई गायला लागला. आज त्याचा आवाज फिका होता, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. मागं बांगड्या, मशीन, जोडवी. आणि इकडं मुमानीनं गळ्याला हात लावला. तिला खोकलासुद्धा येत नव्हता.

मामू त्या ग्रामोफोनसमोर मांडी घालून बसला.

"ए पावनं," तो म्हणाला. "तुला या जगात एकट्या म्या ऐकला. म्या! तुज्या सायबानंबी ऐकला न्हाई. आन तू माज्याच घरात हात घालतूस व्हय? आवाज पायजे न्हवं तुला? बायामान्साचा कशाला? ह्यो घे की!"

आणि मामू गायला लागला.

मामूला गाता येत नव्हतं. सूर नाही, ताल नाही, इंग्लिशचा एक शब्द नाही. जे येईल ते तोंडानं बनवत तो त्या गवयाच्या वर ओरडत होता. शिरा ताणून, मांडीवर हात मारून. गल्लीतली माणसं दारात जमली. कुणी आत यायला धजेना.

गवयाचा आवाज खाली जात गेला...

मामूचा वर चढत गेला...

आणि मग दोन्ही एकदम थांबले.

प्लेट फिरत होती. खोलीत काहीही ऐकू येत नव्हतं.

"अवोऽऽ!"

मुमानी ओरडली. तो आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना गेला असं लोक आजही सांगतात. तिनं मामूला हलवलं तशा बांगड्या खणखणल्या. जोडवी वाजली. सगळं परत आलं होतं.

मामू तिच्याकडं बघून हसत होता. तोंड उघडं होतं. अजून गातच होता तो.

फक्त ऐकू काही येत नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात दाखवलं. गळ्यात खोट सापडली नाही. मामू पुढं तेरा वर्षं जगला, आणि त्यानं एक शब्द उच्चारला नाही. म्हणजे जागेपणी नाही.

दुपारी जेवून तो आडवा झाला, डोळा लागला, की कधी कधी त्याच्या तोंडातून गाणं यायचं.

इंग्लिश. शुद्ध, सुरेल, परक्या माणसाच्या आवाजात.

मुमानी भ्यायली नाही. ती शेजारी शिवायला बसायची, आणि ते गाणं सुरू झालं की त्याच्यावरून मोठ्यानं बोलत सुटायची. भाज्यांचे भाव, शेजारणीची भांडणं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं ठरलं.

"गा मुडद्या, किती गायचं ते गा," म्हणायची. "मानूस माजा हाय. उठला की मलाच चहा मागनार हाय."

आणि मामू? मामूनं नाद सोडला नाही. हातवारे करून भंगारवाल्यांशी घासाघीस करायचा. मांडवात टेस्टिंगला इंग्लिश प्लेटच लावायचा, केरबा कितीही शिव्या देऊ दे. अनोळखी गवयांच्या प्लेटांनी दोन खोल्या भरल्या. कोडोलीची मात्र मुमानीच्या कपाटात होती. त्या प्लेटवर आता एकच आवाज आहे. बेसूर, फाटका, शब्द नसलेला.

मामूचा.

चौऱ्याऐंशी साली मामू गेला. दुपारीच गेला. शेवटी तो परका आवाज गात होता. मुमानीनं मामूच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुजं झालं आता. उतर." गाणं तिथंच तुटलं. मग मामूनं एकट्यानं, शांतपणे श्वास सोडला.

त्यानंतर ती रोज दुपारी ती प्लेट लावते. मुंबईचा एक शौकीन माणूस मागायला आला होता. तिनं त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. "नवरा कुनी इकतं व्हय?" म्हणाली.

इथपर्यंतचं मला घरातल्यांकडून कळलेलं. पण गेल्या ईदला मी स्वतः तिच्याकडं गेलो होतो. जेवण झालं. तिनं प्लेट लावली. मामू गायला लागला. मला हसू आलं आणि रडूही आलं.

मुमानी मधेच म्हणाली, "अवो, तुमच्या भनीचा, सलमाचा थोरला आलाय बघा. नोकरी लागली त्येला."

आणि मामू थांबला.

पिन अडकली नव्हती. प्लेट फिरत होती. मी नीट पाहिलं. ती बोलेपर्यंत तो थांबला, तिचं संपल्यावर पुढं गायला लागला.

"बोल की मामूसंगं," ती मला म्हणाली.

मी तोंड उघडलं.

आवाज निघेना.

भीतीनं असेल... मी पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले. गळा हलला. प्लेटवर मामूच्या गाण्यामागं कुणीतरी हळूच घसा खाकरल्यासारखं वाटलं. तो खाकरणारा मीच होतो.

मुमानीनं माझ्याकडं पाहिलं. मग उठली, आणि त्या ग्रामोफोनच्या पेटीवर फाडकन हात मारला.

"ए! ह्येचा न्हाई हं! सांगून ठेवत्ये! हितं माज्या घरात कुनाचं काय न्यायचं न्हाई!"

पिन उडाली.

"मुमानी," मी म्हणालो. माझाच आवाज होता. मी तो ऐकला.

तिनं काही झालंच नाही अशा थाटात मला चहा विचारला. मी थांबलो नाही. गल्लीत येऊन मी मोठ्यानं स्वतःचं नाव घेऊन पाहिलं. लोक बघत होते. बघू देत.

तेव्हापासून रोज सकाळी डोळा उघडला की मी आधी माझं नाव घेतो.