शरद नावाचं लॉगिन

यात मी काहीही वाढवून सांगत नाहीये. उलट दोन गोष्टी गाळल्या आहेत, कंपनीचं नाव आणि माझं आडनाव. बाकी जसं घडलं तसं.

मी इरा. बडोद्याची, समा भागात राहते. लिनक्स सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. तेव्हा मी शहरातल्याच गोरवा भागातल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत होते.

दिवस वासी उत्तरायणचा. म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. भर दुपार. सगळं बडोदं गच्चीवर, आणि मी बंद ऑफिसच्या दारात किल्ली घेऊन उभी.

मालकीण नलिनीबेननी मला आदल्या आठवड्यात केबिनमध्ये बोलावलं होतं.

"इरा, ऑफिस बंद असताना कोणीतरी आपली जुनी ड्रॉइंग्ज उघडतंय. मला ध्रुववर शक आहे. वासी उत्तरायणला कोणी नसेल, तेव्हा जा. पासवर्ड बदल, सर्व्हर रीस्टार्ट कर, आणि ध्रुवविरुद्ध काय सापडतं ते मला सांग. त्याला कळू देऊ नकोस."

ध्रुव माझा सहकारी. गुजराती, शांत, घरी दोन लहान मुली. माझ्या एका रिपोर्टवर त्याची नोकरी जाणार होती.

मी कुलूप उघडलं... आणि मागे पावलं वाजली.

ध्रुव उभा होता. हातात उंधियूच्या भाजीचा डबा.

"तुम्ही कसे इथे?"

"एम ज." म्हणजे उगाचच. माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकट्या आहात म्हटलं, बसतो सोबतीला."

मी येणार हे याला कोणी सांगितलं?

मनात नोंद केली. पहिला संशय.

सर्व्हरची खोली काचेच्या दारामागे. मी म्हटलं, चला आत. तो म्हणाला, "नाही, मी बाहेरच बरा." आणि फोन काढून बसला. अंगठा सारखा चालू.

दुसरा संशय.

मीही मग बाहेरच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. तो डोळ्यांसमोर असलेला बरा.

सर्व्हरला हात लावण्याआधी आत कोण आहे ते बघावं, ही माझी जुनी सवय. नवीन मुलांनाही मी हेच सांगते. त्यासाठी 'हू' नावाची कमांड असते. हू म्हणजे कोण. तुम्ही विचारता, कोण? सर्व्हर नावं दाखवतो.

मी विचारलं, कोण?

एक ओळ माझी.

आणि एक... शरद.

या नावाचं कोणी कंपनीत नव्हतं. त्याच्यापुढे लिहिलं होतं tty1. याचा अर्थ तो माणूस नेटवरून आला नव्हता. सर्व्हरच्या स्वतःच्या कीबोर्डवर बसला होता.

काचेच्या पलीकडे.

मी मान वर करून बघितलं. खोली रिकामी. एक फिरती खुर्ची. भिंतीला तोंड करून.

मी आत गेले. सर्व्हरला कीबोर्ड जोडलेलाच नव्हता. स्क्रीनही नाही. मागच्या जोडण्यांवर धूळ साचलेली.

बाहेर आले. शरद अजून आतच.

हा नक्की ध्रुवचा खेळ. फोनवरून काहीतरी करतोय. मला घाबरवून घरी पाठवायचं, एवढंच.

"ध्रुवभाई, फोन टेबलावर ठेवा."

"का?"

"ठेवा. आणि दोन्ही हात टेबलावर."

त्याने मग फोन ठेवला. हात ठेवले.

मी शरदचं लॉगिन बंद पाडलं. त्यालाही कमांड असते, जबरदस्तीने हाकलायची. पुन्हा विचारलं, कोण?

फक्त मी.

ध्रुवकडे बघितलं. हात जागेवर.

पुन्हा विचारलं.

शरद.

आता मी त्या नावाचं खातं शोधलं. सर्व्हरने सांगितलं, असा वापरकर्ताच नाही.

पण मीही हट्टी. रीस्टार्ट केलं की सगळं जाईल. रीस्टार्टच्या आधी सर्वांना सूचना द्यायची, म्हणजे कोणाचं काम वाया जात नाही. हाही नियमच. मी 'वॉल' कमांडने सूचना टाकली, सर्व्हर थोड्या वेळात बंद होतोय, आपलं काम सेव्ह करा.

शेजारच्या गच्च्यांवरून "काप्यो छे!" अशी पतंग कापल्याची आरोळी उठली. स्पीकर, पिपाण्या...

आणि मग सगळं थांबलं.

आरोळ्या नाहीत. स्पीकर नाही. सर्व्हरच्या पंख्यांची घरघरही नाही.

पण त्याचे हिरवे दिवे चालू होते.

माझ्या स्क्रीनवर शरदच्या नावाने एक ओळ उमटली. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी.

"थांब गं बाळ. अजून झालं नाही."

त्या ऑफिसात माझ्याशिवाय कोणीही मराठी नव्हतं.

ध्रुवने ती ओळ वाचली. मला वाटतं, त्याला ती कळली नसावी. पण पाठवणाऱ्याचं नाव त्याने वाचलं, आणि तो उभा राहिला.

"शरदकाका," तो म्हणाला.

"कोण शरदकाका?"

"शरच्चंद्रकाका. लॉगिनला शरद एवढंच लिहायचे. तुमच्या आधी तेच सर्व्हर बघायचे. मराठी होते, तुमच्यासारखे. वासी उत्तरायणलाच एकटे कामाला आले होते. ऑफिस उघडलं तेव्हा... त्या खुर्चीत होते. डॉक्टर म्हणाले, हार्ट. त्यांचं खातं मी स्वतः काढून टाकलं, इराबेन. तुम्ही आजसाठी किल्ली मागितलीत ते वॉचमनकडून कळलं, म्हणून आलो. आधी सांगितलं असतं तर हसला असतात."

"त्यांना सुट्टीच्या दिवशी कोणी बोलावलं होतं?"

तो मग हळूच म्हणाला, "नलिनीबेननी."

काचेपलीकडे काहीतरी करकरलं.

खुर्ची आता आमच्याकडे तोंड करून होती.

मी रीस्टार्ट केलं नाही. लॅपटॉप तसाच उचलला. दोघं जिन्यावर आलो आणि पिपाण्यांचा गोंगाट एकदम कानांवर आदळला. कधी थांबलाच नव्हता असा.

सुट्टीनंतर ऑफिस उघडल्यावर मी नलिनीबेनच्या केबिनमध्ये गेले. ठरवूनच गेले होते की खरं तेच सांगायचं.

"ध्रुव नाहीये, बेन. तो माझ्यासमोर बसला होता."

"मग कोण?"

"नाव दिसलं. शरद."

त्या दचकल्या नाहीत. मला भीती वाटली ती याचीच. चहात साखर ढवळत राहिल्या.

"थांब म्हणाले ना?"

हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ध्रुव त्या दिवशी आलाच नव्हता. नंतर त्याने मुलींची शपथ घेऊन सांगितलं, मी बेनशी एक शब्द बोललेलो नाही.

"मशीनला हात लावू नकोस," नलिनीबेन म्हणाल्या. "चालू दे. आणि ध्रुवचं राहू दे. जा."

जायचं तर होतंच. पण दारापाशी पाय अडला. सर्व्हर बंद करायचा नव्हता, तर मला पाठवलं कशाला? आणि नेमकं त्याच दिवशी?

विचारलं नाही. महिन्याभरात मी नोकरी सोडली. आता वाघोडियाला दुसऱ्या कंपनीत आहे. ध्रुवही तिथून निघाला. काय काम अपुरं राहिलं होतं, ते ना त्याला माहीत, ना मला.

मागच्या महिन्यात कळलं की माझ्या जागी सानवी नावाची मुलगी आली आहे. नंबर मिळवून रविवारी फोन केला. सावध करावं, एवढंच मनात होतं.

ती मोकळेपणाने बोलली. काम सोपं आहे म्हणाली. ऑफिस छान आहे. सुट्टीच्या दिवशी यावं लागतं, पण बेन गाडी पाठवतात.

"एकटीच असतेस?"

"नाही हो ताई. काका असतात ना. तेच सगळं शिकवतात. फार गोड बोलतात, बाळ बाळ करून."

कोणते काका, हे विचारायला माझं तोंड उघडलं... आणि तिच्या मागे, फोनमध्ये, खुर्ची करकरली.

"ठेवते हं," सानवी म्हणाली. "बोलावतायत."