संग्रहित दृश्य

दुपारच्या बातमीपत्राला थोडाच वेळ उरला होता आणि माझा चहा साय धरून बसला होता. नियंत्रण कक्षात नेहमीचंच: पडद्यांची निळी भिंत, तापलेल्या यंत्रांचा वास, आणि पडद्यावर अक्षरं टाकणारी आमची चिमणी, पाय खुर्चीवर घेऊन बसलेली.

सकाळी सूतगिरणीचं छप्पर कोसळलं होतं. मालक म्हणत होता, आज सुट्टी, आत कुणीच नव्हतं. ढिगारा सपाट करायला यंत्रं निघालीही होती. पण छप्पर कोसळण्याआधी आमचा कॅमेरामन गिरणीच्याच रस्त्यावर खड्ड्यांची बातमी करत होता. त्याच्या चित्रणात मागे गिरणीचं फाटक होतं. बायका आत जात होत्या. हातात डबे, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर.

मालक आमच्या साहेबांचा व्याही. साहेब दारातूनच म्हणाले, "चित्रण दाखव. पण कोपऱ्यात 'संग्रहित' टाक."

"आजचं आहे, साहेब."

"तुला नोकरी आजपुरती हवी की उद्याही?"

जुन्या चित्रणावर 'संग्रहित' लिहायचं, हा आमचा धर्म. तेवढ्या एका शब्दाने जितीजागती माणसं काल-परवात ढकलता येतात.

चिमणीने शब्द टाकला. पडद्यावरच्या बायका थांबल्या.

"ताई, चित्र अडकलं."

अडकलं नव्हतं. फाटकाशेजारचं झाड हलत होतं. बायका तेवढ्या उभ्या होत्या, पाठमोऱ्या. तिने शब्द काढला. त्या चालू लागल्या. पुन्हा टाकला, थांबल्या. या वेळी एकीने मान वळवली.

कॅमेरामनने माईक लावलाच नव्हता. तरी माझ्या कानातल्या यंत्रात गुणगुण आली, हात कामात असताना बायका गुणगुणतात तशी.

दार लोटलं गं बाई, आत कोण राहिलं,
उजेडी बसलेल्यानं कसं नाही पाहिलं?

चिमणीने कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "तुम्हालाही येतंय ऐकू?"

"येतंय."

अंगावर काटा आला होता, पण त्याहून संताप मोठा होता. मेलेली माणसं गात नाहीत, मी स्वतःला ठणकावलं. म्हणजे आत कुणीतरी जिवंत आहे.

"शब्द काढ. लिही, 'आज सकाळचं दृश्य'."

"साहेब खातील आपल्याला!"

"खाऊ देत. मी पचायला जड आहे."

निवेदिकेच्या कानातल्या यंत्रात मी वाक्य सांगितलं: या बायका आज सकाळीच गिरणीत गेल्या आहेत. तिने एक श्वास घेतला आणि जसंच्या तसं उच्चारलं. पडद्यावर बायका आत गेल्या, एकूण एक. शेवटची फाटकाशी वळली, आमच्याकडे पाहिलं, आणि चित्रण संपलं.

फोन खणाणले. ढिगाऱ्यावरची यंत्रं थांबली. लोक हातांनी ढिगारा उपसू लागले, आणि आतला पहिला टाहो आमच्याच वार्ताहराच्या माईकवर आला.

साहेब तरातरा स्टुडिओत शिरले, निवेदिकेला उठवून तिच्या खुर्चीत बसले आणि काचेतून माझ्याकडे बघत म्हणाले, "मी थेट खुलासा करतो. तू चालती हो घरी."

"बातमीपत्र संपलं की जाईन," मी माईकवरून म्हणाले. "मधेच उठायची मला सवय नाही."

त्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं. "ते चित्रण जुनं होतं..."

पडद्याच्या कोपऱ्यात, त्यांच्या चेहऱ्याशेजारी, शब्द उमटला. संग्रहित.

चिमणीचे दोन्ही हात हवेत होते. "आईशपथ ताई, मी नाही." तिने कळ दाबली. पुन्हा दाबली. शब्द जाईना.

"राहू दे," मी म्हणाले.

काचेपलीकडे साहेब तावातावाने बोलत होते. पडद्यावर मात्र ते थांबले होते. हलत होता तो फक्त कापसाचा एक पांढरा तंतू, त्यांच्या ओठांच्या फटीतून सावकाश बाहेर येणारा.