आम्लातून सुखरूप जाणारे दाणे

आमच्या घरात औषधखातं माझ्याकडे आहे. मी, शाल्मली, वय वर्षं बारा. आबांना कुठलं औषध कधी द्यायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. म्हणूनच धन्वीचं बोलणं ऐकून मला रागच आला.

"तीन आठवडे औषध घेऊनही आम्लपित्त जसंच्या तसं," आमचा घरगुती रोबो-डॉक्टर धन्वी म्हणाला. "असंच राहिलं तर पुढच्या महिन्यातलं उड्डाण विसरा, आबासाहेब."

आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी घडवलेली दुर्बीण अवकाशस्थानकावर आहे आणि तिचा आरसा अडकून बसलाय. तो सोडवणं त्यांनाच जमेल. पण तिथे वजन जाणवत नाही, त्यामुळे पोटातलं आम्ल (अन्न पचवणारा आंबट, जळजळीत रस) सहज घशाशी येतं. छातीत जळजळणाऱ्या माणसाला कोण वर पाठवणार? एकोणसत्तराव्या वर्षी आबांना दुसरी संधी मिळणार नव्हती.

"औषध योग्य, मात्रा योग्य, मग गुण का येत नाही?" आबा वैतागले.

"देतं कोण?" धन्वीने विचारलं.

"मी! रोज न्याहारीआधी अर्धा तास," मी ऐटीत सांगितलं. "आबांना कॅप्सूल गिळताना ठसका लागतो. म्हणून मी ती उघडते, आतले दाणे दोन चमच्यांमध्ये चिरडते आणि मधातून चाटवते. आई मला लहानपणी अशाच गोळ्या द्यायची."

"चिरडतेस?" धन्वीने विचारलं. रोबोने उलट प्रश्न केला की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय.

त्याने मला दोन वाट्या आणायला लावल्या. एकीत लिंबाचा रस. हे झालं जठर (पोटातली अन्नाची पिशवी). दुसरीत खायच्या सोड्याचं पाणी. हे लहान आतडं, कारण तिथे आम्लाचा जोर संपलेला असतो. दोन्हींत त्याने कॅप्सूलमधले अख्खे दाणे टाकले. बऱ्याच वेळाने पाहिलं, तर लिंबाच्या रसात दाणे होते तसेच होते. सोड्याच्या पाण्यात मात्र ते विरघळले होते.

"आता तुझ्या पद्धतीने," धन्वी म्हणाला. मी दाणे चिरडून लिंबाच्या रसात टाकले. भुकटी हळूहळू तपकिरी-जांभळी पडली.

"हे काय झालं?"

"औषध मेलं. दाण्यावरचं आवरण आम्लात टिकतं. ते फोडलंस, की आम्ल औषधाला खातं."

"आम्ल कमी करणारं औषध आम्लातच मरतं? म्हणजे आग विझवणाऱ्या बंबालाच आग लागली म्हणायची!"

"म्हणून तर ते जठरातून गुपचूप पुढे जातं. आतड्यात आवरण विरघळतं, औषध रक्तात मिसळतं आणि रक्तातून फिरून जठराच्या अस्तरापर्यंत मागच्या दाराने येतं. तिथे आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात. त्यांतले बरेचसे ते बंद करतं."

"मग आबा चघळतात ती गुलाबी गोळी?"

"ती आम्लनाशक. तयार झालेलं आम्ल ती तिथल्या तिथे निवळते, म्हणून ती चघळायचीच. ती सांडलेलं पाणी पुसते, हे औषध नळ आवळतं."

मला रडू फुटलं. तीन आठवडे मी माझ्याच हाताने आबांचं उड्डाण बुडवत होते.

"अगं, चाटत तर मीच होतो ना," आबा म्हणाले. "शास्त्रज्ञ म्हणवतो स्वतःला आणि खोक्यातला कागद उघडून पाहिला नाही!"

कागदावर लिहिलंच होतं: दाणे फोडू किंवा चावू नयेत. सफरचंदाच्या मऊ गरावर अख्खे दाणे घालून गिळले तर चालणार होते. "पण हे याच औषधापुरतं," धन्वीने बजावलं. "दुसरं कुठलंही उघडण्याआधी मला विचारायचं." पंधरा दिवसांत आबांची जळजळ जवळजवळ थांबली.

तेवढ्यात अवकाशकेंद्राचा निरोप आला: वर कॅप्सूल उघडायची नाही, दाणे तरंगत यंत्रांत शिरतील. अख्खी गिळता आली तरच उड्डाण.

झालं! पुन्हा तोच ठसका. पण आता मी आधी तपासून पाहणारी झाले होते. एक कॅप्सूल पाण्यात टाकून पाहिली, तर ती तरंगली. आबा पाण्याचा घोट घेऊन मान मागे टाकायचे, तेव्हा कॅप्सूल तरंगत दातांकडेच राहायची! "आबा, हनुवटी खाली घ्या. मग ती तरंगत घशाकडे जाईल." पहिल्या दिवशी ठसका, दुसऱ्या दिवशी ठसका. तिसऱ्या दिवशी आबा उगाच इकडेतिकडे बघू लागले. कॅप्सूल केव्हाच गेली होती! वर वजन नसल्याने तरंगण्याची युक्ती चालणार नव्हती, पण एव्हाना आबांची गिळायची भीतीच गेली होती.

तपासणीच्या दिवशी केंद्राच्या डॉक्टर जयकर समोर उभ्या राहिल्या. आबांनी घोट घेतला, हनुवटी खाली केली आणि गिळलं.

"आ करा," त्या म्हणाल्या.

तोंड रिकामं होतं.

पुढच्या सोमवारी आबा वर गेले आणि शुक्रवारी आरसा सुटला. मी मोठेपणी असं आवरण बनवणार आहे, जे फक्त पोटातल्या दुखऱ्या जागीच उघडेल. धन्वी म्हणतो, अवघड आहे. अवघड असू दे. आरसाही अवघडच होता.