दहा नंबरचा पाना

गोलू, तो मोबाइल उलटा ठेव गा. आणि दामिनी, तू भिशीन तर आताच आत जा, मंग मले बोलू नको.

बेसा रोडवर नत्थूजीचं गॅरेज आहे, तुमच्या पाहण्यातलं. त्याच्या बाजूलेच माझं पंक्चरचं दुकान होतं, म्हणून सांगून राहिलो.

दोन वर्षांमागची खांडेनवमी. नत्थूजीनं सकाळीच सारे पाने धुतले, ओळीनं मांडले, हळदकुंकू लावलं. एकदा पूजा झाली का दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराले हात नाही, हा त्याच्या बापापासूनचा नेम. तेवढ्यात रामदासपेठेतल्या कुसुमताई आल्या. डाव्या पायात जोर नाही, म्हणून जुनी ऑटोमॅटिक गाडी चालवत.

"नत्थूजी, गिअर टाकला का इंजिन नुसतं रेस होते, गाडी हलत नाही. मंग एकदम धक्का देते. उमरेडले बहिणीकडे जायचं आहे. किल्ली ठेवू का?" लाल दोरा बांधलेली किल्ली त्यांनी पुढं केली.

नत्थूजीनं गिअरच्या तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल काळं, जळका वास. त्याले समजलं, खालचा चेंबर खोलाच लागते. पण पाने पूजेत.

"किल्ली तुमच्याजवळच राहू द्या ताई, आज हत्याराले हात लावत नाही," म्हणे. वरून अर्धा लिटर तेल ओतलं. "उमरेडपर्यंत काही होत नाही. बिनधास्त जा."

संध्याकाळी उमरेड रोडवर गाडी मधातच उभी राहिली. इंजिन चालू, चाकं ठप्प. मागून ट्रक आला. ताई गेल्या. गाडी त्या किल्लीसकट भंगारात गेली, तिचे तुकडे होताना मी पाहिले.

नत्थूजीले कोणी बोल लावला नाही. तोच ज्याले त्याले सांगे, "मले माहीत होतं गा. मीच मारली बाईले." आम्ही म्हणायचो, तू नेमाचा माणूस, तुझी काय चूक? ते त्याले अजूनच लागे. जेवण सुटलं त्याचं.

मागच्या साली खांडेनवमीच्या रात्री तो गॅरेजातच झोपला. पूजेतला दिवा जळत होता. मध्यरात्र उलटली असन. बाहेर इंजिन रेस झालं. थांबलं. परत रेस झालं... गाडी काही सरकत नव्हती.

त्यानं शटर वर केलं.

तीच गाडी. दिवे बंद. काच खाली. आत अंधार. जळक्या तेलाचा वास...

"नत्थूजी... पाहता का जरा?"

तो आत गेला. पूजेतून दहा नंबरचा पाना उचलला. बापाचा नेम मोडला. गाडीखाली शिरला.

पहिला बोल्ट सुटला. दुसरा...

वर सीट करकरली.

"ताई, माफ करा मले."

...

"ताई?"

...

सकाळी मी दुकान उघडाले आलो, तर नत्थूजी बाहेर मातीत पाठीवर पडलेला. डोळे उघडे. हातात पाना, पान्यावर कुंकू. गाडी नाही, काही नाही. त्यानं रात्रीचं सारं सांगितलं. मी म्हटलं, सपन पडलं असन गा. धरून आत नेलं. त्याच्या हातातून पाना घेतला, म्हटलं जागेवर ठेवून देतो.

ओळीत पान्याची जागा रिकामी नव्हती.

तिथं लाल दोऱ्याची किल्ली ठेवली होती.