मागच्या सीटवरचं वजन

नाताळच्या आदल्या दिवशी चर्चच्या टेकडीवर जायचं, बायकोच्या, लेंपीच्या थडग्यावर मेणबत्ती लावायची आणि उजेड आहे तोवर घरी यायचं, एवढंच एन्सिओचं काम होतं. आता उजेड म्हणजे तरी काय म्हणा, आमच्या उत्तर फिनलंडात डिसेंबरचा सूर्य दुपारी दोनलाच मान टाकतो. निघताना तो टायरमधली हवा बघायला तेउवोच्या गॅरेजवर थांबला.

गाडी पंचेचाळीस वर्षांची. लाल, बसकी, दोन दारांची. तरुणपणी हौसेने घेतलेली स्पोर्ट्स कार, ती त्याला कधी सोडवलीच नाही. इंजिन पुढे आणि सगळा जोर मागच्या चाकांना. खिळ्यांचे हिवाळी टायर चढवले तरी मागचा भाग हलका पडतो, आणि बर्फावर जरा वळण आलं की गाडी नाचायला लागते. मागे वजन असलं तरच शहाण्यासारखी चालते.

“डिकीत वाळूची गोणी टाकलीस?” तेउवोने विचारलं.

“नाही.”

“मग टेकडी कशी चढणार आहेस? टायर माझेच आहेत, चांगले आहेत, पण मागून दाब नको? थांब, माझ्याकडची देतो.”

“नको म्हटलं ना.”

“बरं, मग माझ्या जीपमधून चल. मी पण तिकडेच निघालोय.”

“तिच्याकडे जायचं ते हिच्यातूनच. आणि गोणीशिवाय.”

तेउवोने हात पुसले. “म्हणजे सणाच्या दिवशी तुला खड्ड्यातून ओढायचं माझ्या नशिबी आहे तर,” तो म्हणाला. आणि टायरमध्ये हवा भरायला वाकला. एन्सिओ एकदा नाही म्हणाला की नाही, हे त्याला चाळीस वर्षं ठाऊक होतं.

गोणी का नको, ते मात्र तेउवोला ठाऊक नव्हतं. ते फक्त दोघांना ठाऊक होतं आणि त्यातली एक वर टेकडीवर होती.

पहिल्या हिवाळ्यापासून मागे बसायची ती लेंपी. चांगली आडव्या बांध्याची बाई, बेकरीत पिठाची पोती उचलणारी. बर्फ पडला की ती पुढची सीट सोडून मागे जायची, एन्सिओने खास बसवून घेतलेला पट्टा लावायची आणि म्हणायची, “चल म्हाताऱ्या. मी आहे म्हणून तुझी ही राणी रस्त्यावर आहे.” तेव्हा तो तिशीतला होता, तरी म्हाताऱ्याच.

मग आजार आला आणि दोन वर्षांत लेंपी निम्मी झाली. गेल्या जानेवारीत तळ्याकाठच्या वळणावर गाडी गर्रकन फिरली. एन्सिओ घाबरला. दुसऱ्या दिवशी त्याने गुपचूप डिकीत चाळीस किलोची गोणी टाकली. बाजाराच्या पिशव्या ठेवताना लेंपीला ती दिसली.

“आता मी पुरत नाही का रे?” तिने विचारलं.

“तसं नाही गं, रस्ता खराब आहे,” तो म्हणाला. काय पण उत्तर.

गोणीचा एक कोपरा फाटला होता, वाळू सांडत होती. लेंपीने सुई आणली आणि लाल लोकरीने तो कोपरा शिवून टाकला, त्याची डिकी खराब होऊ नये म्हणून. त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही. मार्चमध्ये इस्पितळात गेली तीसुद्धा टॅक्सीने. उद्या बोलू, उद्या माफी मागू असं म्हणता म्हणता बोलायला माणूसच राहिलं नाही. नोव्हेंबरात एन्सिओने ती गोणी फोडली, वाळू सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, निसरड्या पायऱ्यांवर पसरली आणि तागाचं पोतं सौनाच्या चुलीत जाळलं. पोतं जळेपर्यंत तो चुलीसमोरून हलला नाही.

तळ्याकाठचं वळण आलं तेव्हा सगळं निळं झालं होतं. एन्सिओने पेडलवरचा पाय काढला, स्टिअरिंग सैल धरलं, गाडी फिरायची वाट पाहिली. गाडी फिरली नाही. रस्त्याला चिकटून सरळ निघाली.

मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली.

मग वास आला, तिच्या बेकरीतल्या वेलचीचा आणि त्याखाली आजारपणातल्या कापराच्या मलमाचा. एन्सिओच्या मानेवरचे केस ताठ झाले. त्याने हात वर करून आरसा छताकडे फिरवला. बघायचं नव्हतं त्याला. बघितलं आणि नसली तर?

“लेंपी...”

खिळ्यांची बर्फावरची टकटक तेवढी ऐकू येत होती. मग मागे पट्टा अडकल्याचा आवाज आला... एकदाच.

टेकडी गाडीने एका दमात चढली. एकही चाक जागेवर फिरलं नाही.

वर बर्फात शेकडो मेणबत्त्या जळत होत्या. एन्सिओ मागे न बघता उतरला, दार लोटलं, थडग्यापाशी गुडघे टेकले. काडी तिसऱ्या खेपेला पेटली.

“चुकलो गं,” तो म्हणाला. “वजनासाठी नव्हतीस तू. तसं वाटलं असेल तुला... मी वाटू दिलं. मला बोलता आलं नाही.” आणि तो म्हातारा तिथे बर्फात हुंदके देऊन रडला. बराच वेळ रडला. पापण्यांवरचं पाणी गोठलं तेव्हा मागून तेउवोने खांद्यावर हात ठेवला.

“चल. उणे सव्वीस आहे.”

दोघे गाडीपाशी आले. तेउवोने काचेवरचं हिम खरवडून आत डोकावलं आणि हसला.

“खोटारड्या. म्हणे गोणीशिवाय. आणि तिला पट्टापण लावलायस.”

एन्सिओने दार उघडलं. मागच्या सीटवर, लेंपीच्या जागी तागाची गोणी होती. छातीवरून जावा तसा पट्टा तिच्यावरून गेला होता. एका कोपऱ्याला लाल लोकरीचे टाके होते.

“ही मी जाळली,” तो म्हणाला. तेउवोला ते ऐकू गेलं नसावं. त्याने आत वाकून गोणी दाबून बघितली.

“अरे, ही तर मऊ आहे. या थंडीत वाळूचा दगड व्हायला हवा होता. शेकोटीपाशी ठेवली होतीस का?”

एन्सिओने हातमोजा काढला आणि टाक्यांवर तळवा ठेवला. गोणी उबदार होती. हाताखाली वाळू जराशी वर आली, खाली बसली, थांबली... आणि पुन्हा वर आली.