पाच नंबरच्या भिंतीपलीकडे

माघीचं काम होतं म्हणून गेलो. नाहीतर या वयात मोखाड्याजवळचं सूर्यमाळ सोडून चंद्रपुराकडे जायला मला कुत्रं चावलेलं नाही.

माघी म्हणजे जिव्याची बायको. जिव्या आणि मी एका पाड्यावरचे, एका वयाचे. मुकादमाने वीटभट्टीचं काम म्हणून गाडीत घातलं आणि उतरवलं ते कोळशाच्या खाणीवर. तीन वर्षं दोघं जमिनीखाली राबलो. चौथ्या वर्षी मी एकटाच घरी आलो. त्याला बेचाळीस वर्षं झाली. आता ती खाण बंद आहे आणि तिथं म्युझियम केलंय. लोक तिकीट काढून अंधार बघायला जातात. आमच्याकडे अंधार फुकट आहे, तर कोणी येत नाही.

म्युझियमवाले जुने कामगार शोधत होते. त्यांचा फोन माझ्या सुनेनं, सरूनं घेतला आणि मला न विचारता हो म्हणाली. पाड्यावर बातमी फिरली. दुसऱ्या दिवशी माघी दारात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला धरून आणावं लागतं, पण जीभ धडधाकट.

"अरे चंद्या, जातोयस तर त्याला कुठं ठेवलाय ते बघून ये."

"ठेवलाय काय? गाडला गेलाय तो."

"मग कुठं गाडलाय ते बघून ये. दिवा कुठल्या अंगाला तोंड करून लावू, ते तरी कळंल मला."

तिला एक गोष्ट मी कधीच सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो. मध्ये बोलू नका.

आमच्या डोंगरात पोराला चालायला लागल्याबरोबर शिकवतात, अंधारात कोणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस असला तर तिसऱ्यांदा मारतो. दुसरं काही असलं तर दोनदाच मारतं. ओ दिलीस की तुझी जागा त्याची.

पाच नंबरच्या बोगद्यात छत बसलं तेव्हा मी ढिगाऱ्याच्या अलीकडे आणि जिव्या पलीकडे. डोक्यावरचा दिवा विझलेला. नाकातोंडात धूळ. थोड्या वेळानं दगडाआडून आवाज आला.

"चंद्या..."

मी तोंड दाबून बसलो. मला वाटलं जिव्या मेला, आता दुसरंच कोणी बोलावतंय. रानातला नियम घेऊन खाणीत बसलेला गाढव मी. परत आली हाक, पहिलीपेक्षा बारीक. मी तिसरीची वाट बघत राहिलो. ती आलीच नाही.

मग आमच्या पाळीवर देखरेख करणारा सिरदार बत्ती घेऊन धावत आला. "उधर कोई है? कुछ सुना?"

मी म्हणालो, "नहीं."

संध्याकाळी आत वायू पेटायला लागला, म्हणून वीटकाम करून बोगदा बंद केला. विटा मीही उचलून दिल्या.

तर अशा जागेवर सरू मला घेऊन गेली. भर दुपारची वेळ. दारावर मोबाईल काढून घेतले आणि डोक्यावर पिवळी टोपी घातली. आत प्लास्टरचे कामगार उभे केलेत, सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र. इतका स्वच्छ कामगार मी जन्मात पाहिला नाही. सरूला म्हणालो, "हे काय खाणीत होते? हे लग्नाला निघालेत." ती हसली. तिथल्या माहिती सांगणाऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, "आजोबा, पुढचा बोगदा खरा आहे. पाच नंबर. शेवटी जुनी भिंतही तशीच ठेवली आहे. तुम्ही आत गेलात की दार बंद होईल, दिवे जातील, स्फोटाचा आवाज येईल. रेकॉर्ड आहे, घाबरू नका. एक मिनिटाचं काम."

"मला काय भीती दाखवता," म्हणालो आणि पुढे झालो.

आत फिनेलचा वास. दोन्ही बाजूंना छताला टेकू दिलेले खांब. नखानं खरवडून बघितलं. लोखंडाचे, वरून लाकडाचा रंग मारलेला. शेवटी भिंत. तिला मात्र कोणी रंग लावला नव्हता. मी समोर उभा राहिलो. म्हटलं, बघून घेतो आणि माघीला सांगतो, उगवतीकडे दिवा लाव.

मागे दार लागलं. दिवे गेले. धडाम झालं, भोंगा वाजला, बंद झाला.

मिनिट झालं. दिवे आले नाहीत.

सरू चाचपडत दारापाशी गेली आणि बडवायला लागली. "ओ बाई! दार उघडा!" उत्तर नाही. मग म्हणाली, "लाईट गेली असंल बाबा. हिथंबी मोखाड्यासारखंच दिसतंय."

"हं."

"तुमी बसा खाली. मी येते तुमच्याकडं."

तिचे हात भिंतीवरून सरकत येत होते, ते ऐकू येत होतं. मी बसलो नाही. फिनेलचा वास गेला होता. ओल्या कोळशाचा वास येत होता, आणि त्याच्या मागे सुरुंगाच्या धुराचा. तो वास बेचाळीस वर्षांत मी कुठं घेतला नव्हता, पण नाक विसरत नाही. छातीवर कोणी गुडघा ठेवावा तसा श्वास अडला. मग डोक्यावर लाकूड कुरकुरलं. छत बसायच्या आधी लाकडी खांब असाच बोलतो. तो बोलला की पळायचं. लोखंड बोलत नाही. आणि पळायला जागा नव्हती.

सरू कुजबुजली, "बाबा... कसला आवाज तो?"



विटांच्या पलीकडून, अगदी माझ्या तोंडासमोरून...

"चंद्या..."

जिव्याच. तिशीतला. मी सत्तरी ओलांडली, त्याचा आवाज तिथंच राहिलाय.

तिसरी झाली ना ही? दोन तेव्हाच्या आणि ही एक. म्हणजे माणूसच होता तो. तेव्हाही माणूसच होता, आणि मी त्याला विटा घालून बुजवला. नियम बियम सगळं डोक्यातून गेलं. कपाळ विटांना टेकवलं आणि म्हणालो, "ओ... जिव्या, ओ. हाय मी हिथं."

कोणीतरी लांब श्वास सोडला. माझ्या कानात की पलीकडे, सांगता येत नाही.

मी भिंतीला धरायला हात पुढे केला. पुढे भिंत नव्हती. ती माझ्या पाठीला लागत होती. मी वळलो नव्हतो. शपथ घेऊन सांगतो, एक पाऊलही हललो नव्हतो.

तेवढ्यात पलीकडून परत हाक आली. या वेळी आवाज वेगळा होता. म्हातारा, घोगरा, घाबरलेला.

"सरू..."

पोरगी तोंड उघडणार हे मला अंधारातही कळलं. सासऱ्यानं सुनेला हात लावू नये. मी लावला. तिचं तोंड गच्च दाबून धरलं. ती धडपडत होती.

"सरूऽ..."

मी आणखी जोरात दाबलं. "गप. ओ देऊ नकोस. मरशील."

दिवे आले. दार उघडलं. बाई धावत आल्या, माफी मागितली, जनरेटरला नावं ठेवली आणि आम्हाला चहा पाजला. सरूनं कपाला तोंड लावलं नाही. गालांवर माझ्या बोटांचे वळ उठले होते.

रेल्वेत ती समोरच्या बाकावर बसली. मोखाड्याच्या एसटीत माझ्याशेजारची जागा रिकामी असताना उभी राहिली. घाट चढताना एकदम म्हणाली, "मला हाक कशाला मारत होता?"

"मी कुठं मारली? मी तर तुझं तोंड धरलं होतं."

"तेच तर. तोंड धरलेलं होतं, आन् तुमचा आवाज भिंतीपलीकडनं येत होता." ती खिडकीबाहेर बघत होती. "रडत होता."

मी तिला वेड्यात काढलं. माझा आवाज मला ओळखू येणार नाही काय? पण खरं सांगतो, स्वतःचा आवाज लांबून कसा लागतो, ते मी कधी ऐकलेलं नाही.

काल माघी आली. पाड्यावरची एक पोरगी तिला ओसरीवर सोडून गेली. सरूनं पाट दिला. आता "अरे चंद्या" म्हणून सुरू होईल, म्हणून मी वाट बघितली. उगवतीचं सांगायचं होतं. मी नुसता खाकरलो.

माघी पाटावर बसता बसता थांबली. आंधळं तोंड माझ्याकडे वळवलं. मग उभी राहिली, जिव्या घरात आला की घ्यायची तसा पदर ओढून डोक्यावर घेतला आणि मान खाली घातली.

"लई उशीर केलात," म्हणाली.