रुसवा महालात आधी कोण बोललं?

पहिल्यांदा मला त्याचे फक्त पाय दिसले.

रुसवा महालाच्या घुमटाखाली दुरुस्तीसाठी उंच परांची बांधली होती. तिच्या अगदी वरच्या फळीवरून दोन पाय खाली लोंबकळत होते. एक मोजा करडा, दुसरा तपकिरी! मी पर्यटकांचा घोळका घेऊन आत शिरले, पायांकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि माझी गोष्ट सुरू केली. किल्ल्यावरचे लोक मला ‘रेडिओ’ म्हणतात ते काही उगाच नाही.

“तर मंडळी, राजाराणीचं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून? ते पुढे दोघांनाही आठवेना. राजा म्हणे, मी राजा, मी कसा आधी बोलू? राणी म्हणे, चूक त्याची, मी का आधी बोलू? सगळा राजवाडा वैतागला. शेवटी एका हुशार गवंड्याने हा गोल महाल बांधला. राजाने दक्षिणेच्या दगडावर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, राणीने उत्तरेच्या. एकमेकांकडे पाठ! भिंतीशी नुसतं पुटपुटलं तरी आवाज घुमटावरून फिरून समोरच्याच्या कानात जातो. म्हणजे माघार घेतलेली तिसऱ्या कुणाला कळायला नको. आता सांगा, आधी कोण बोललं असेल?”

इथे मी थांबते. रोजच थांबते. बायका ओरडतात ‘राजा!’, नवरे ओरडतात ‘राणी!’ आणि दोन मिनिटं नुसता धुमाकूळ. मग लोक भिंतीशी उभं राहून कुजबुजून बघतात, ऐकू आलं की लहान मुलांसारखे टाळ्या पिटतात.

पण त्या दिवशी वरून आवाज आला, “अहो गाईडबाई, खरंच कोण बोललं?”

सगळ्यांनी माना वर केल्या. पाय हलले. मग फळीच्या कडेवरून एक चेहरा डोकावला. केसांत, भुवयांत, पापण्यांवर पांढरी धूळ, आणि त्यात ते हसरे डोळे...

“ते सांगत नाहीत,” मी म्हटलं. “आणि तिकीट काढल्याशिवाय गोष्ट ऐकायची नसते.”

“तिकीट काढून वर बसलो असतो तर मला खाली उतरवलं असतं तुम्ही.”

घोळका खो-खो हसला. माझ्या गोष्टीवर दुसऱ्याच कुणीतरी टाळ्या घेतल्या! माझा असा संताप झाला म्हणता... आणि तरी जिना उतरताना मी एकटीच गालातल्या गालात हसत होते.

तो जुन्या इमारती दुरुस्त करणारा इंजिनियर होता. घुमटाचा गिलावा जागोजाग फुगला होता, एक मोठा पोपडा तर एका पर्यटकाच्या पुढ्यातच पडला होता. दिवसभर तो बोटांनी टकटक करून कुठे पोकळ आहे ते बघायचा, खडूने खुणा करायचा. जुना गिलावा काढून तसाच चुन्याचा नवा द्यायचा, असं काम होतं. मी त्याचं नाव ठेवलं ‘चुनेवाला’.

“आवाज जाणार तर नाही ना?” मी त्याला रोज विचारायची.

“जाऊ नये म्हणूनच मला पाठवलंय.”

“आणि गेला तर?”

यावर तो पुन्हा टकटक करायला लागायचा. ही गोष्ट माझ्या बाबांची. त्यांनी आयुष्यभर ती या महालात सांगितली, गुडघे गेले तेव्हा माझ्या हातात दिली. आवाजच गेला तर उरणार काय? एक गोल खोली. गोल खोली बघायला किल्ला कोण चढेल?

पण माणूस वाईट नव्हता हो. दुपारच्या तिसऱ्या फेरीला माझा घसा बसायला लागतो. एकदा ‘राणी म्हणे’वरच माझा आवाज फाटला आणि वरून दोरीला बांधलेली टोपली सुर्रकन खाली आली. आत पाण्याची बाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पर्यटकच म्हणाले, “बाई, तुमची टोपली आली.” मी पाणी प्यायची, वर बघायची नाही. बघितलं असतं तर ‘राजा म्हणे’ कुठे आणि ‘राणी म्हणे’ कुठे, सगळं विसरले असते.

हे सगळं मी अर्थातच तिकीटवाल्या मावशींना सांगायची. मावशी म्हणजे खिडकीत बसून किल्ला चालवणारी बाई. दुपारी डब्याच्या वेळी महाल रिकामा असायचा, पण वर हा आडवा झालेला. मोठ्याने बोलायची सोय नाही. मग आम्ही आमची जुनी युक्ती काढली. मावशी राजाच्या दगडावर, मी राणीच्या. दोघी भिंतीकडे तोंड करून कुजबुजायचो. तिसऱ्या कुणाला कळायचा प्रश्नच नाही!

“आज निळा शर्ट घातलाय. अजिबात शोभत नाही. पांढराच बरा दिसतो.”

“बघतेस बरं बारकाईने!” मावशींची कुजबुज यायची.

“डोळे चांगले आहेत पण मेल्याचे. हसला की आधी डोळे हसतात.”

“मग बोल की.”

“मी? मी का आधी बोलू?”

असं आमचं रोज चालायचं. त्या दिवसानंतर निळा शर्ट पुन्हा दिसला नाही, हे काही माझ्या लक्षात आलं नाही. मी इतकी हुशार, तरी नाही आलं!

मग एके दुपारी तो खाली उतरला. हात धुताना सहज म्हणाला, “पुढच्या आठवड्यात गिलावा सुरू. पांढरे शर्ट फार मळतात, पण काय करणार... निळा शोभत नाही ना मला.”

मी हसले. मग हसता हसता थांबले.

“हे... हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

त्याचा चेहरा चुन्याहून पांढरा झाला. “मी सांगणार होतो,” तो म्हणाला, “शपथ. वर, अगदी घुमटाखाली, बसलं ना, की दोन्ही भिंतींकडचं... ऐकू येतं. सगळं.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आजवर त्या उंचीवर कोण कशाला बसायला जाईल? आम्हा गाईड लोकांना दोनच दगड माहीत. तिसरी जागा हवेत होती आणि तिथे हा डबा खाऊन रोज पाय पसरून पडलेला!

“किती दिवस?”

“पहिल्या दिवसापासून. पण अहो, मी काय कानात बोळे घालून बसायचं होतं?”

“हो! बसायचं होतं!”

आणि मी रुसले. अगदी घसघशीत रुसले. दुपारी टोपली आली तरी हात लावला नाही. ती अधांतरी लोंबकळत राहिली. शेवटी एका आजोबांनी बाटली काढली, पोटभर पाणी प्यायले आणि ‘फार छान सोय आहे’ म्हणून मलाच शाबासकी दिली. तरीही टोपली रोज यायची.

त्यातच नवा गिलावा लागला. काम बंद झाल्यावर मी आणि मावशी आपापल्या दगडावर उभ्या राहिलो. मी म्हटलं, “मावशी, ऐकू येतंय का?”

काही नाही. मी पुन्हा म्हटलं. भिंतीने माझा आवाज गिळून टाकला. मागे वळून बघितलं तर मावशी ताटकळत उभ्याच.

तो दारात होता. मी त्याच्याजवळ गेले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. “माझ्या बाबांची गोष्ट मारलीत तुम्ही.”

“ओला आहे अजून,” तो हळूच म्हणाला. “चुना मुरू दे, मग मी घोटतो. गुळगुळीत झाला की...”

“नक्की?”

त्याला खोटं बोलता येत नव्हतं. “नक्की नाही,” म्हणाला.

मग तो घोटत बसला. मुठीत मावेल असा गुळगुळीत दगड घेऊन सगळा घुमट, वीतवीत. त्याची माणसं कामाला होती, पण सकाळी सगळ्यांच्या आधी हाच चढायचा. त्याच्या हाताला फोड आल्याचं मावशींनी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पण सांगितल्यावर जेवण गेलं नाही.

“शनिवारी जाणार आहे तो,” मावशींनी दुसरी बातमी दिली. “पुढचं काम लागलंय. कुठल्याशा नदीवरचा जुना पूल.”

घरी माझं तोंड बघून बाबा म्हणाले, “रुसवा महालाची गाईडच रुसली. म्हणजे जाहिरात फुकटात झाली!”

“बाबा, खरं सांगा ना. आधी कोण बोललं? राजा का राणी?”

“मला काय माहीत?”

“म्हणजे? तुम्हीच तर म्हणता, शेवट सांगायचा नसतो!”

“अगं, माहीतच नाही तर सांगू काय? मला ज्यांनी गोष्ट शिकवली त्यांना मीही विचारलं होतं. ते म्हणाले, एवढी घाई असेल तर तूच बोल आधी.”

“मग? बोललात?”

स्वयंपाकघरातून आई कडाडली, “कसला बोलतोय! मी वेड्यासारखी दर रविवारी तिकीट काढून यायचे आणि हा माणूस मला खांबांची उंची सांगायचा! शेवटी मीच गेले राणीच्या दगडावर आणि म्हटलं, खांब पुरे.”

बाबा लाजले. साठी उलटलेला माणूस, कानापर्यंत लाल! मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आलं तेही कळलं नाही.

शनिवारी परांची उतरली. घुमट सायीसारखा दिसत होता. आता आवाज परत आलाय का ते बघायचं होतं. मावशी आणि त्याची माणसं दाराबाहेर थांबली. आत पायांचा आवाजसुद्धा नको, असं तो म्हणाला.

“तुम्ही राणीच्या दगडावर,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “मी तिकडे.”

मी भिंतीकडे तोंड केलं. नव्या चुन्याचा गार वास येत होता. मी वाट बघत राहिले. तो काहीतरी बोलेल... मग कळेल. पण काहीच येईना. आणि माझ्या लक्षात आलं की या शांततेतून काहीच कळत नाही. आवाज मेलाय, का तो बोलतच नाहीये? तोही तिकडे तसाच उभा असणार, माझी वाट बघत. मी का आधी बोलू, मी का आधी बोलू... असं करत हा माणूस संध्याकाळच्या गाडीने पुलावर जाईल!

खांब पुरे, मी मनाशी म्हटलं.

“ऐकू येतंय का?”

काही नाही.

“अहो... ऐकू येतंय का?”

नाही. गेला. आवाज गेला. माझे डोळे भरून आले. बाबांना काय सांगू? पण मग वाटलं, ऐकूच जाणार नसेल तर भीती कसली? भिंतीला सांगून टाकायला काय जातंय!

“बरं झालं ऐकू येत नाही,” मी पुटपुटले. “तुझा राग नाही आला मला. लाज वाटली. तू सगळं ऐकलंस आणि काहीच बोलला नाहीस, म्हणून रडू आलं. तुझ्या हाताला फोड आले तर मला घास उतरत नाही. आणि निळा शर्ट... तो पण शोभतो तुला. उगाच म्हटलं होतं मी. जाऊ नकोस ना.”

भिंत गप्प. मी पदराने... छे, पदर कुठला, कामाच्या शर्टाच्या बाहीनेच नाक पुसलं. आणि तेवढ्यात अगदी कानाशी, कुणी खांद्यावर हनुवटी ठेवून बोलावं इतक्या जवळून, आवाज आला...

“उद्यापासून निळा घालू?”

मी दचकून भिंतीलाच धडकले.

“ऐकू येत होतं?” मी जवळजवळ किंचाळले. “मग पहिल्यांदा ओ का नाही दिलीस?”

“रडत होतो,” भिंत म्हणाली. “तुझं पहिलं ‘ऐकू येतंय का’ आलं आणि... इतके दिवस झोप नव्हती गं मला. तुझी गोष्ट माझ्या हातून मेली असती तर तुला तोंड कसं दाखवलं असतं? आवाज फुटेना. आणि मग तू असं काही बोलायला लागलीस की मध्येच तोडायचा धीरच होईना.”

“म्हणजे पुन्हा चोरून ऐकलंस!”

“शेवटचं. यापुढे समोर बसून ऐकीन. चालेल?”

मी वळले. तोही वळला होता. भुवयांत चुना, गालांवर ओघळ, आणि आधी डोळे हसले...

“पूल इथून बसने तासाभरावर आहे,” तो आता मोठ्याने म्हणाला. “आणि त्या पुलाला गोष्टच नाहीये. कुणी गाईड मिळाली तर...”

“सोमवारी सुट्टी असते मला,” मी म्हटलं. “पण फुकट नाही सांगणार. पाण्याची टोपली लागेल.”

बाहेरून मावशींचा आवाज आला, “अगं, ऐकू येतंय का नाही? आम्ही किती वेळ उभं राहायचं?”

“येतंय!” आम्ही दोघं एकदम ओरडलो, आणि घुमटाने ते इतक्यांदा परत ऐकवलं की मावशी हसत आत आल्या.

आता कधी कधी दुपारच्या फेरीला एक निळा शर्ट घोळक्यात मागे उभा असतो. मावशी त्याला तिकीट काढायला लावतात, सवलत नाही. मी गोष्ट सांगते, थांबते, विचारते, “तर मंडळी, आधी कोण बोललं असेल?”

बायका ओरडतात ‘राजा!’, नवरे ओरडतात ‘राणी!’ आणि सगळे गप्प झाले की मागून एकच आवाज येतो, अगदी ठाम, “राणीच. मला पक्कं माहितीये.”

“मागचे निळ्या शर्टवाले,” मी वर घुमटाकडे बघत म्हणते, “गाईडला मध्ये तोडायचं नाही. पण बरोबर आहे.”